लोक सापडेपर्यंत

काचेला गेलेला तडा थांबत नाही. तो फक्त हळू होतो. आमच्या रस्त्यावरच्या चष्म्याच्या दुकानाच्या दर्शनी काचेवर 'नजर तपासून मिळेल' असं रंगवलेलं आहे. दगड खालच्या कोपऱ्यात लागला होता. तडा आता 'नजर'पर्यंत पोचला आहे आणि चष्मेवाल्यानं त्यावर चिकटपट्टी लावली आहे. समित्यांचंही असंच असतं, असं कोणी म्हणेल. मी म्हणणार नाही, कारण मी समितीची सांख्यिकी सल्लागार आहे.

समिती अत्यंत कर्तव्यदक्ष आहे. तिच्यापुढे एकच प्रश्न आहे: माणूस समलिंगी आहे एवढ्याच कारणासाठी त्याला मारलं, तर त्या गुन्ह्याला वेगळं कलम आणि जास्त शिक्षा असावी का? प्रश्न उद्भवला तो असा. चष्मेवाला आणि त्याचा जोडीदार, म्हणजे शाळेत गणित शिकवणारे मास्तर, दुकान बंद करून घरी निघाले असताना तिघांनी त्यांना दुकानासमोरच गाठलं. आधी शिव्या, मग दगड, मग सळई. मास्तरांचा उजवा हात आता खांद्याच्या वर जात नाही. ते फळ्याच्या खालच्या अर्ध्या भागातच लिहितात. (शाळेची तक्रार नाही. वरचा भाग स्वच्छ राहतो.)

मास्तरांना दुसऱ्या गावच्या शाळेनं बोलावलं होतं. 'कायदा झाला तर राहू, नाही झाला तर जाऊ,' असं दोघांचं ठरलं होतं. म्हणजे काहीच ठरलं नव्हतं. अर्धा संसार खोक्यात, अर्धा फळीवर.

पहिल्याच बैठकीत निवृत्त डॉक्टर सदस्य म्हणाले, "हाड मोडलं की मोडलं. कशासाठी मोडलं ते हाडाला कळत नाही."

"हाडाला नाही कळत, डॉक्टरसाहेब," चष्मेवाल्याबरोबर साक्षीला आलेले मास्तर म्हणाले. "पण आमच्यासारख्या बाकीच्यांना बरोबर कळलं. ते त्या रस्त्यानं यायचेच बंद झाले. त्यांचं तर काही मोडलंही नव्हतं."

हे नोंदवायचं की नाही, यावर चहा येईपर्यंत चर्चा झाली. चहा आला.

दुसरा आक्षेप वकीलबाईंचा. "आज यांना वेगळं कलम दिलं, तर उद्या टकले मागतील." मुद्दा गंभीर असल्यानं टकल्यांसाठी उपसमिती नेमली गेली. तिनं एकाच बैठकीत टकल्यांना संपूर्ण संरक्षण एकमतानं मंजूर केलं. (अध्यक्षसाहेबांनी टोपी काढून आभार मानले.)

शेवटी एकच अडसर उरला. प्रत्येक सदस्य म्हणाला, "माझं वैयक्तिक काही नाही. पण लोक तयार नाहीत." असं विधान तपासून पाहता येतं. ते लोक शोधून आणायचं काम माझ्याकडे आलं.

मी हजार जणांना विचारलं. नऊशे बारा जण म्हणाले, "माझं काही नाही हो, पण लोक..." उरलेल्या अठ्ठ्याऐंशी जणांनी 'घरातल्या मोठ्यांना विचारा' म्हणून सांगितलं. मोठे आधीच्याच नऊशे बारांत निघाले.

चष्मेवाल्याची गिऱ्हाइकंही पाहिली. दगडानंतर धंदा कमी झालेला नाही. गिऱ्हाईक फक्त मागच्या बोळातून येतं. पुढच्या दाराचं पायपुसणं कोरं करकरीत आहे, मागच्याच्या चिंध्या झाल्या आहेत. "माझं काही नाही गं," एक काकू पिशवीआड तोंड लपवत म्हणाल्या, "पण लोक बघतात ना!" बोळात तेव्हा रांग होती. कोणीही कोणाकडे बघत नव्हतं.

योगायोगानं मारणारे ते तिघेही माझ्या हजारांत आले. जामिनावर असल्यानं घरीच सापडले. त्यातला थोरला अगदी नम्र निघाला. बसायला खुर्ची दिली, चहाचं विचारलं. म्हणाला, "ताई, आमचं वैयक्तिक काही नाही. लोकांना आवडत नाही, म्हणून मारलं."

निष्कर्ष: स्वतः तयार नसलेले लोक, शून्य. (वाचकांना विचारायचं राहून गेलं. पण त्यांचंही काही नसणार, हे मी गृहीत धरलं आहे.)

अहवाल ऐकून समिती भारावली. अध्यक्षसाहेबांनी विधेयकाचा मसुदा हातभर लांब धरला आणि अडखळत वाचायला घेतला, कारण त्यांचा चष्मा दुरुस्तीला गेला होता. कुठे गेला होता ते सगळ्यांना ठाऊक होतं. मग मसुदा खाली ठेवून ते म्हणाले, "म्हणजे लोक आहेत, पण सापडत नाहीत. त्यांना न विचारता कायदा करणं लोकशाहीत बसत नाही. ते सापडेपर्यंत विधेयक राखून ठेवू."

बाकं वाजली.

"आणि तुमचं काय ठरलं हो?" निर्णय ऐकायला आलेल्या त्या दोघांना त्यांनी सौजन्यानं विचारलं.

चष्मेवाल्यानं मास्तरांकडे पाहिलं. मास्तरांनी आपला चांगला हात त्याच्या हातावर ठेवला, सगळ्यांच्या देखत. वकीलबाई पंख्याकडे बघू लागल्या.

"आम्ही राहतोय," चष्मेवाला म्हणाला. "मागचं दार मात्र उद्या विटांनी बुजवतोय. साहेब, तुमचा चष्मा तयार आहे. ड्रायव्हरला पाठवू नका. स्वतः या, पुढच्या दारानं. आणि वाटेत ते लोक भेटलेच, तर त्यांनाही सांगा, सगळ्यांचे चष्मे तयार आहेत."