निळ्या शर्टाचा नमुना

लांज्याला एसटी स्टँडसमोर सदूतात्या शिंप्यांकडे शर्ट शिवायला गेलात, की ते आधी तुम्हालाच हाकलून देत. "तू कशाला आलास? नमुना कुठाय? जा, अंगाला नीट बसणारा जुना शर्ट घेऊन ये." गळ्यात मापाची फीत कायम, पण ती कुणाच्या अंगाला लावलेली मी तरी पाहिली नव्हती. आणि माझं वह्या-पुस्तकांचं दुकान त्यांच्या भिंतीला लागून, म्हणजे रोज ऐकणं आलंच.

एकदा वैतागून मी म्हटलं, "अहो तात्या, माप काय नि नमुना काय, एकच की!"

झालं! कात्री थांबली. "एकच? माप म्हणजे नुसते आकडे. नमुन्यात माणूस असतो. कुठला खांदा पाडून चालतो, खिशात काय कोंबतो, सगळं. आणि नमुना म्हणजे मूळचा, पहिला. नकलेवरून नक्कल काढलीस ना, तर चौथ्या शर्टाला माणूसच बदलतो. हसू नको!"

त्यांच्या पत्र्याच्या ट्रंकेत एक निळा शर्ट होता. एकुलता मुलगा सुरेश एकविसाव्या वर्षी बोटीवर गेला, त्याचा. दर गणपतीला त्या नमुन्यावरून तात्या एक नवा शर्ट शिवत. "या वर्षी येतोय बघ," म्हणत. सुरेश येत नसे. पुढे पुढे पत्रंही बंद झाली. शर्ट मात्र कधी चुकला नाही. आम्ही बाजारवाले पाठीमागे हसायचो. आज त्याची लाज वाटते.

नऊ वर्षांनी, शहाऐंशी साली, सुरेश आला. एका दिवसापुरता. पोट सुटलेलं, मान जाड झालेली. तात्यांनी नऊच्या नऊ शर्ट बाहेर काढले. पहिल्याचं बटण लागेना. दुसऱ्याचंही नाही. सगळे एकाच नमुन्याचे, तरी तात्या एकेक चढवून बघत होते. मला बघवेना.

"राहू दे, बाबा," सुरेश म्हणाला. "तिकडे तयार मिळतात."

अस्सा राग आला मला! तात्यांनी मात्र गळ्यातली फीत काढली. "हात वर कर." पाठीमागून फीत फिरवून दोन्ही टोकं छातीवर धरली, आणि तसेच उभे राहिले. कपाळ मुलाच्या छातीला टेकलेलं. बऱ्याच वेळाने सुरेशचे हात खाली आले, बापाच्या पाठीवर.

संध्याकाळच्या गाडीने तो गेला. मी डोकावलो, तर तात्यांनी नवं कापड पसरलं होतं. खडू हातातच होता.

"किती भरली छाती?" मी विचारलं.

"आकडा बघायचा राहूनच गेला रे," तात्या म्हणाले.