फळ्यावर न आलेली बातमी

चंपतरावांनी खडू उचलला की महाल भागातली आमची गल्ली दात घासता घासता थांबत असे. कोपऱ्यावरच्या भिंतीला टांगलेला तो काळा फळा त्यांनी बावीस वर्षं चालवला. नळ किती वाजता येणार, रेशनला साखर आली का, कोणाचा पोरगा मॅट्रिक झाला, कोणाची हरवलेली बकरी सापडली, सगळं त्यावर. फळ्यावर आलं नाही ते गल्लीत घडलंच नाही, असा तेव्हाचा कायदा. त्र्याऐंशी साली तीन घरांवर टीव्हीच्या काड्या उभ्या राहिल्या आणि लोक दिल्लीच्या बातम्या ऐकू लागले. पण आमच्या नळाची वेळ दिल्लीला काय कप्पाळ ठाऊक असणार!

त्याच वर्षी चंपतराव मात्र एक बातमी पोटात दाबून बसले होते. त्यांच्या चंद्रभानने शहराबाहेर बेसाकडे प्लॉट घेऊन घर बांधलं होतं, आणि आईबापांनी दसऱ्याच्या आत तिकडे राहायला यायचं, असं पक्कं करून टाकलं होतं. एकुलत्या एका मुलाला नाही कसं म्हणायचं? आणि गल्ली सोडायची तरी कशी?

"सांगून टाका ना एकदाचं," बायको रुखमाबाई रोज म्हणत. "लोकं का खाऊन टाकतीन तुम्हाले?"

"तू चूप राय वं. लोकं रडतीन, ते मले पाहवणार नाही."

खरी भीती उलटी होती. लोक रडलेच नाहीत तर?

सोमवारी सकाळी चंद्रभानने लोखंडी कपाट न्यायला हातठेला पाठवला. चंपतरावांचं घर गल्लीच्या पार आत, तिथवर ठेला जाईना. हमालांनी कपाट उचलून आणलं आणि दम खायला कोपऱ्यावरच्या शेजारी आनंदरावांच्या ओट्यावर उभं केलं. आनंदराव पहाटेच कन्हानला खाणीच्या हापिसात गेलेले.

"कपाट कोणाचं जी?" दूधवाला धोंडबा फळ्यापाशी सायकल थांबवून म्हणाला.

चंपतरावांनी हातातला खडू फळ्यावर टेकवला. "आनंदरावाच्या ओट्यावर हाय, तं आनंदरावाचंच असंल."

"म्हणजे आनंदराव गल्ली सोडून राहिले? अन् फळ्यावर नाही?"

एव्हाना आणखी आठ-दहा जण गोळा झाले. "लिहा ना जी, काहून थांबले?" सगळ्यांचा एकच घोष. चंपतरावांचा हात आपोआप चालला: 'आपले शेजारी आनंदराव बेसा येथे स्वतःच्या घरी राहावयास जात आहेत. गल्ली त्यांस मुकेल.' गर्दी पांगली की पुसू, असं त्यांनी मनाशी म्हटलं. पण गर्दी काही पांगली नाही. चांगल्या बातमीसमोर आमची गल्ली तासन् तास उभी राहू शकत असे.

धोंडबाने आनंदरावांचा रतीब तिथल्या तिथे दुसऱ्या घरी लावून टाकला. गल्लीतला रुपराव आपल्या साळ्यासाठी त्यांच्या खोल्या पाहायला टेप घेऊन हजर झाला. आणि बायका खण-नारळ घेऊन कौसल्याबाईंची ओटी भरायला निघाल्या. आनंदरावांच्या कौसल्याबाईंना यातलं अक्षर माहीत नव्हतं. पहिल्या ओटीला त्या घाबरल्या, दुसरीला रागावल्या, आणि तिसरीला त्यांचा चेहरा खुलला.

"मले न सांगता घर बांधलं बाई यायनं! आता माह्या घरात माहा नळ!" असं म्हणून त्यांनी फळीवरचे डबे उतरवले आणि बोचकी बांधायला घेतली.

नळावरच्या भांडणापासून चार वर्षं अबोला धरलेली जयवंता धावत आली आणि त्यांच्या गळ्यात पडून ढसढसा रडली. "आता मी भांडू कोणासंग वं?"

संध्याकाळी आनंदराव सायकलवरून उतरले तेव्हा कोपऱ्यावर सतरंजी, हार आणि सगळी गल्ली. गळ्यात हार पडल्यावर ते दचकून म्हणाले, "मी मेलो का काय गा?"

"बंगला बांधून बसले अन् सांगितलं नाही! चला घरी, पाहते तुम्हाले," कौसल्याबाई लाडाने म्हणाल्या.

"कोणता बंगला वं?"

"किती साधा माणूस! अजूनही लपवून राहिला," असं म्हणत रुपरावाने भाषण सुरू केलं. आनंदराव म्हणजे गल्लीचा आधार, आनंदरावांशिवाय गल्ली सुनी, आनंदराव म्हणजे देवमाणूस. बायकांनी डोळ्यांना पदर लावले. आनंदरावांनी जन्मात इतकं कौतुक ऐकलं नव्हतं. त्यांनाही हुंदका आला, आणि आपण कुठंही जात नाही हे सांगायचं राहून गेलं.

मागे उभ्या चंपतरावांचा जीव जळत होता. बावीस वर्षं खडूची धूळ आपण खाल्ली, आणि हार ह्याच्या गळ्यात! आपल्या वाट्याचं रडू लोक ह्याच्यावर संपवून राहिले! शेवटी त्यांना राहवलं नाही.

"थांबा! आनंदराव कुठी जात नाही. जाऊन राहिलो मी! कपाट माहं हाय! तो हार इकडे आणा!"

सगळ्यांनी वळून चंपतरावांकडे पाहिलं. मग रुपराव फिस्कन हसला, आणि पाठोपाठ अख्खी गल्ली.

"तुमचीबी कमाल हाय चंपतराव! दिवसभर बनवलं आम्हाले! तुम्ही गेले तं तुम्ही गेल्याची बातमी लिहील कोण?"

आनंदरावांनी सुटकेचा श्वास टाकून हार चंपतरावांच्या गळ्यात घातला. सकाळीच ठेल्यावर चढलेलं कपाट रंगवायला गेलं असेल, हे गल्लीनेच परस्पर ठरवून टाकलं. चंपतरावही हसले. हसता हसता त्यांचे डोळे भरून आले, ते मात्र कोणी पाहिलं नाही. कौसल्याबाईंनी तेवढी दोन दिवस बोचकी सोडली नाहीत, आणि ओटीतले खण परत मागायची कोणाची हिंमत झाली नाही.

गुरुवारी सकाळी चंपतराव आणि रुखमाबाई उरलेले डबे घेऊन सायकलरिक्षात बसले. कोणी निरोपाला आलं नाही. डबे घेऊन दळणाला आणि बाजाराला जात असतील, असं सगळ्यांना वाटलं. कौसल्याबाईंनी खिडकीतून हाक मारली, "काकाजी, येतानी मेथीची जुडी आणा जी!"

"आणतो," चंपतराव म्हणाले.

आणि संध्याकाळी दोन बसा बदलून ते एकटेच जुडी घेऊन कौसल्याबाईंच्या दारात आले.

"इतकी ताजी कुठून आणली जी?"

"बेसाहून."

"अगं बाई! एका जुडीसाठी इतक्या दूर काहून गेले होते?"

चंपतराव ओट्यावर टेकले. "चुकलंच माहं," ते म्हणाले. "चहा ठेव."