कोहमाऱ्याच्या संघदीपानें यादीचा मायना आणिला ती हकीकत

शके एकोणीसशें अठ्ठावीस, आषाढमासीं, कोहमारा नाक्यावर, ढाब्यांच्या धुरांत आणि ट्रकांच्या नौबतींत जें घोर समर जाहालें, त्याचा वृत्तांत थोरांनीं विचारिला, त्यावरून घडलें तैसें लिहिलें असे. अधिक-उणें तें टेलिफोनचे लाइनीचे माथां.

तेथें राजमान्य राजेश्री संघदीप मेश्राम, सायबर कॅफेचे खासे धनी, तीन संगणकांचा सरंजाम आणि एक लाइन बाळगून होते. त्यांच्या धाकट्या भगिनी अल्काबाई यांनीं गोंदियाचे संस्थेंत नर्सिंगचे प्रवेशास अर्ज केला होता. संस्थेचें फर्मान ऐसें जे, निवडीची यादी वेबसाइटवर लागेल, आणि लागेल त्याच दिवशीं पांचाचे आंत गोंदियास जातीनिशीं हजर होणें; न जाहाल्यास जागा दुसरियास. कधीं लागेल म्हणून पुसावयास बाई गोंदियास गेल्या, तों कारकुनानें वेबसाइटकडे बोट दाखविलें आणि मग त्या हात हलवीत परतल्या.

आणि वेबसाइट उघडावी तों आधीं संस्थेचे अध्यक्षसाहेब हार घालून येत, मग उपाध्यक्ष शाल पांघरून येत, मग वाढदिवसाच्या तसबिरी येत, आणि यादीची पाळी येईतों लाइन गतप्राण होई. विद्यादान करणारांस मुखदर्शनाचा काय हा सोस! अल्काबाई कडाडल्या, "दादा, मले यादी पायजे, यायचे थोबाडं कायले दाखवून राहिला?"

तेव्हां संघदीपरायांनीं मसलत केली. वेबसाइटचें उत्तर खलित्यासारखें. आधीं मायना, त्यांत पुढील मजकुराचें वजन आणि पान शेवटीं कधीं बदललें ती तारीख, आणि मग मजकूर. तरी प्रोग्राम लिहून नुसता मायना आणावा. तारीख आजची निघाली कीं यादी लागली. अवघें पान आणणारा जुनाच प्रोग्राम घेऊन त्यांत 'फक्त मायना मागणें' इतका हुकूम बदलिला आणि जासूद रवाना केला.

मायना तत्काळ आला. परंतु झाडीपट्टीची रीत ऐसी जे, दारीं गेलेला पाहुणा जेविल्याविना उठत नाहीं. तीच खोड प्रोग्रामास. मायन्यांत वजन वाचून तो मजकुराची वाट पाहत बसला, आणि पडदा कोरा तो कोराच. रायांनीं मोडेमास चापट्या मारिल्या, टेलिफोन खात्याचे सात पिढ्यांचा उद्धार केला. चूक आपले घरची हें ध्यानीं येईना. इतक्यांत गोंदियाची बस नाक्यावर लागली.

"काऊन बसून राहिला तो?" बाई पुसत्या जाहाल्या, आणि त्या 'बसून' शब्दासरसा रायांचे डोकियांत उजेड पडला. 'मायना घेऊन त्याच पावलीं फिरणें' ऐसा दुसरा हुकूम दिला, आणि मायना पडद्यावर उतरला. तारीख आजची!

"लागली वो अल्का, पळ!"

"अना माहं नाव?"

"नाव तिथंच पाय!"

बाईंनीं बस धरिली. मागें रायांचे ध्यानीं आलें; पान नव्या तसबिरीनेंही बदललें असावें! बिचाऱ्यानें अवघें पान मागविलें आणि घास न घेतां बसून राहिला.

लाइन गुंतलेली, म्हणून फोन शेजारीं भैयाजींचे ढाब्यावर आला. "दादा, लागला माहा नंबर. पावती भेटली. बंद कर ते मशीन आता." रायांनीं डोळे पुसले.

येणेंप्रमाणें मोहीम फत्ते जाहाली. मायना हस्तगत, मजकूर अद्याप येऊन राहिला असे.