भोजराजांची पचमढी

स्वयंपाकघरातलं कॅलेंडर तुळसाबाईंनी भिंतीवरून काढलं, आणि भोजराज चहाचा कप घेऊन दारातच थबकले.

तसं ते कॅलेंडर नऊ वर्षांपूर्वीचं होतं. त्यातल्या एकादश्या, चतुर्थ्या केव्हाच होऊन गेल्या होत्या. पण वरच्या चित्रात पहाड होता, एकामागे एक निळ्या रांगांचा, आणि कठड्याला टेकून एक बाई आरामात खाली पाहत उभी होती. त्या बाईसाठी तुळसाबाईंनी ते कॅलेंडर नऊ वर्षं फोडणीच्या धुरात जपलं होतं. दरवर्षी उन्हाळी धानाचा रोवणा, म्हणजे भाताची लावणी, आटोपला की त्या एकदा चित्राकडे बघत, एकदा नवऱ्याकडे बघत आणि म्हणत, "अजी, यंदा जाऊ का?" भोजराज म्हणत, "पुढल्या सालाले नक्की."

यंदा तर आयती संधी चालून आली होती. शेजारच्या दादाजींनी महाशिवरात्रीला पचमढीच्या महादेवासाठी गावातून, एकोडीतून, जीप काढली होती. भोजराजांना चढण चढायचा भयंकर कंटाळा. त्यांनी कंबर धरल्याचं सांगितलं आणि दोन दिवस भिंतीला धरून चालले (तिसऱ्या दिवशी चुकून कमरेची दुसरी बाजू धरली, पण कोणाच्या लक्षात आलं नाही). जीप गेली, जीप आली, आणि दुसऱ्या दिवशी कॅलेंडर उतरलं.

"काहून काढलं वो?"

"जुनं झालं."

"अन् थो पहाड?"

"थो बी जुना झाला." तुळसाबाई वांगी चिरत होत्या. त्यांचा आवाज अजिबात चढलेला नव्हता, आणि तीच भीतीची गोष्ट होती. "माझा जलम वाकून गेला जी. रोवण्यात वाकली, निंदणात वाकली, कापणीत वाकली. एक डाव उभ्यानं खाली पाहाचं होतं. जाऊ द्या."

सत्तावीस वर्षांच्या संसारात तुळसाबाई भांडल्या होत्या, रुसल्या होत्या, एकदा माहेरी जाऊन अकरा दिवस राहिल्या होत्या. पण 'जाऊ द्या' हे शब्द त्यांनी आजवर वापरले नव्हते. भोजराजांना रात्रभर झोप आली नाही. सकाळी उठून ते म्हणाले, "सोमवारी निंगू. पचमढीले. तू अन् मी."

तुळसाबाईंनी कॅलेंडर पुन्हा टांगलं नाही. पण त्या दिवशी भाजीत मीठ बरोबर पडलं.

मुलगा अमर नागपूरला नोकरीला होता. तो रविवारी आला, आपली जुनी गाडी बापाच्या हवाली केली, मोबाइलमध्ये रस्ता लावून दिला आणि बसनं परत गेला. "यातली बाई सांगन तसं चालवा," एवढंच त्यानं बजावलं. भोजराजांचा हात ट्रॅक्टरवर बसलेला. तिसऱ्या गिअरच्या पुढे जाणं त्यांना उधळपट्टी वाटायची, आणि रस्त्यावर गतिरोधक दिसला की शेताचा धुरा-बांध ओलांडल्यासारखे ते सीटवरून अर्धे उठायचे. पण मनसुबा पक्का होता. एकोडीवरून तुमसर, तुमसरवरून बपेरा, बपेऱ्याचा पूल ओलांडला की मध्य प्रदेश, आणि मग सांजेपर्यंत पहाड.

अडचण रस्त्याची नव्हती, घरापुढच्या फाटकाची होती.

एकोडीत माणसानं गाव सोडून जायची पाच कारणं मान्य आहेत. लग्न, मयत, दवाखाना, कचेरी आणि देव. 'फिरायला' हे कारण गावात अजून कोणी दिलेलं नाही, आणि पन्नाशी उलटलेल्या जोडप्यानं तर ते देऊच नये. देवाचं कारण सांगावं, तर त्याच देवाला आठ दिवसांपूर्वी कमरेपायी नकार दिलेला. आणि सोमवारी सकाळी सहा वाजता फाटकासमोर दात घासत कोण उभं असावं? दादाजीच.

"काय गा भोजराज, जोड्यानं कुठी? अन् कंबर?"

"कंबर... कंबर हायच जी. पन जावंच लागून राहिलं." भोजराजांनी बायकोच्या नव्या लुगड्याकडे पाहिलं, चिवड्याच्या डब्याकडे पाहिलं, आणि तोंडाला येईल ते बोलून गेले. "अमरसाठी पोरगी पाहाले चाललो."

"वा! कोनत्या गावी?"

"बपेऱ्याले." (पुलाअलीकडचं शेवटचं गाव. एवढ्या लांबवर दादाजींचं कोणी नसेल, हा हिशेब.)

"कोनाच्या घरी?"

"थे... तथी गेल्यावर इचारतो."

दादाजींच्या हातातला ब्रश थांबला. त्यांनी उभ्या आयुष्यात त्रेचाळीस सोयरिकी जुळवल्या होत्या, आणि त्यांच्या शेजारचा माणूस मध्यस्थाशिवाय, पत्त्याशिवाय, गावभर विचारत पोरगी पाहायला निघाला होता. "गावाचं नाक कापतं का बे?" एवढं बोलून ते आत गेले, चूळ भरून, टोपी घालून, काठी घेऊन बाहेर आले आणि गाडीचं मागचं दार उघडून बसले. "चाल. बपेऱ्याले चंद्रकुमार हाय, माझ्या साळ्याचा साळा. त्याची तृप्ती लग्नाची हाय. फोन लावतो मी."

तुळसाबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. मग चिवड्याचा डबा मांडीवर घेऊन पुढे बसल्या.

गाडी निघाली. आणि खरं सांगायचं तर तो रस्ता इतका सुंदर होता, की थोड्या वेळानं भोजराज आपलं संकटही विसरले. दोन्ही बाजूंना पळस फुलला होता, पान नाही, नुसतं केशरी फूल. नुकत्या रोवलेल्या धानाच्या चौकोनी बांध्यांत पाणी होतं आणि त्या पाण्यात आभाळ होतं. आंब्याच्या मोहराचा वास काचेतून आत येत होता. तलावाच्या पाळीवर एक बगळा एका पायावर उभा होता, आणि गाडी इतकी हळू चालली होती की त्याला पाय बदलताना सगळ्यांनी पाहिलं. तुळसाबाईंनी काच पूर्ण खाली केली, हात बाहेर ठेवला आणि डोळे अर्धे मिटले. वारा त्यांच्या बांगड्यांतून जात होता. सत्तावीस वर्षांत भोजराजांनी आपल्या बायकोला दिवसाउजेडी रिकाम्या हातानं बसलेलं पाहिलं नव्हतं. त्यांना वाटलं, हा रस्ता संपूच नये, आणि दादाजी तुमसरला उतरून जावेत.

"पुढे डावीकडे वळा," मोबाइल म्हणाला.

"हे बाई कोन हाय?" मागून दादाजी. "हिले सांग, मले रस्ता माहीत हाय. उजवा घे."

त्यांनी उजवा घेतला. मोबाइलमधली बाई चार वेळा परत फिरायला सांगून शेवटी गप्प झाली. तासाभरानं दादाजींची मान छातीवर आली तेव्हा भोजराज कुजबुजले, "हे पाय, चहा पिऊ, पोरगी पाहू, 'कळवतो' म्हनू अन् सटकू. दादाजी राहतीन साळ्याकडे. सांजेले तू पहाडावर."

"अन् त्या पोरीले काय सांगाचं?" तुळसाबाईंनी डोळे न उघडता विचारलं. "तुले पाहाले नाही आलो बाई, तुझा बहाना कराले आलो?"

भोजराजांनी गिअर बदलला (तिसऱ्याचा दुसरा केला).

बपेऱ्याला चंद्रकुमारांनी अंगण सारवून, सतरंजी अंथरून, पाय धुवायला पाणी ठेवून, शेजारचे चार वडीलधारे बोलावून तयारी केली होती. पोहे आले, शिरा आला, पुन्हा पोहे आले. मग तृप्ती चहाचा ट्रे घेऊन आली. घाईत नेसलेली साडी, आणि मनगटावर साबणानंही न गेलेला काळा डाग.

मुलाच्या बापानं प्रश्न विचारायचे असतात. भोजराजांनी घसा खाकरला. "नाव काय?"

"तृप्ती."

दुसरा प्रश्न त्यांना काही केल्या सुचेना. तुळसाबाई त्या डागाकडे पाहत होत्या. "काय व, सकारी आमचा फोन आला तवा तू काय करून राहिली होती?"

"पूजा!" चंद्रकुमार म्हणाले.

"पिकअपमधी वांगे भरून राहिली होती," तृप्ती म्हणाली. "तुमसरच्या बाजारात मीच नेते गाडी. आज तुमच्यापायी बाबानं जाऊ देलं नाही, वांगे तसेच हायेत."

चंद्रकुमारांच्या कपाळावर घाम आला. पोरगी पिकअप चालवते म्हणून याआधी दोन स्थळं उठून गेली होती. "म्हंजे... कधीमधी... घरच्या घरी..." ते पुटपुटले.

"घाटात चालवता येते?" तुळसाबाईंनी विचारलं.

"सिवनीच्या घाटातून दोन डाव गेली मी."

तुळसाबाईंनी चहा एका घोटात संपवला, आणि घर दाखव म्हणून तृप्तीला घेऊन मागे निघून गेल्या.

मागे वांग्यांची वाडी होती, तिच्यापलीकडे नदी, आणि नदीपलीकडे, उन्हाच्या धुरकट पदरामागे, एक फिकट निळी रेघ. तुळसाबाई थांबल्या. "थे काय हाय व?"

"पहाड. सकारी अजून साफ दिसते."

तिथे वाडीच्या कुंपणाशी उभ्या राहून तुळसाबाईंनी कॅलेंडर, कंबर, दादाजी, सगळं सांगून टाकलं, आणि पोरीची माफी मागितली. तृप्तीला इतकं हसू आलं, की कुंपणाचा खांब धरावा लागला. (हे भोजराजांना फार नंतर कळलं. त्या वेळी त्यांना नुसतं हसणं ऐकू आलं, आणि ते आपल्यावर असेल असं वाटलं नाही.)

इकडे ऊन डोक्यावर आलं होतं. भोजराज उठले. "बरं जी, आमी निंगतो. कळवतो."

"निंगता?" चंद्रकुमारांचा चेहरा पडला. "पिकअपपायीच ना?"

चार वडीलधारे भोजराजांकडे पाहू लागले. दादाजी पाहू लागले. सुलोचनाबाई, म्हणजे तृप्तीची आई, दाराआड पदर तोंडाला लावून उभ्या होत्या. भोजराज मुळात भल्या मनाचे. त्यांना ते पाहवलं नाही. "नाही नाही! पसंत हाय पोरगी! लय पसंत हाय!"

झालं. दादाजींनी मांडीवर थाप मारली, "चवेचाळीस!" शिरा पुन्हा आला. तृप्तीचे मोठे बाबा, म्हणजे थोरले काका, बालाघाटला होते, ते उद्या येणार, त्यांच्याशिवाय बैठक होत नाही, आणि बैठकीशिवाय पाहुण्यांना वेशीबाहेर सोडायची रीत नाही. बपेऱ्याचा पूल तिथून हाकेच्या अंतरावर होता. भोजराजांनी त्याच्याकडे एकदा पाहिलं.

तुळसाबाई परत आल्या. सगळं ऐकून घेतलं. मग शांतपणे विचारलं, "उद्याच्या बैठकीत मी बी बसू का जी?"

आता इथे भोजराजांना गप्प बसता आलं असतं. पण समोर चार वडीलधारे, नुकतीच मिळालेली वरबापाची गादी, आणि पोटात दोन वेळचा शिरा. ते मिशीवर हात फिरवत म्हणाले, "बैठकीत बायांचं काय काम?"

सगळ्या पुरुषांनी माना डोलावल्या.

"बरं," तुळसाबाई म्हणाल्या. आणि त्या हसल्या. ते हसू भोजराजांनी ओळखायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अमरच्या गाडीचा आवाज ऐकून भोजराज अंगणात धावले. तृप्ती ड्रायव्हरच्या जागी, मागे सुलोचनाबाई, आणि पुढे काच खाली करून तुळसाबाई. चिवड्याचा डबा मांडीवर.

"कुठी चालले?"

"महादेवाले," मागून सुलोचनाबाई म्हणाल्या. "पोरीचं जुळलं, देवाले सांगाले नको?"

दादाजींनी भक्तिभावानं हात जोडले. "जा, जा! शुभ काम हाय!" आणि भोजराजांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "तू राह्य. तुले तसंही कमरेपायी चढवत नाही."

गाडी चौथ्या गिअरमध्ये पूल ओलांडून गेली.

बैठक तीन दिवस चालली, कारण मोठे बाबा एक दिवस उशिरा आले आणि त्यांचे जवाई त्यानंतरच्या दिवशी. भोजराज सतरंजीवर मांडी घालून बसले, पोहे खाल्ले, माना डोलावल्या. दुसऱ्या संध्याकाळी उठताना त्यांची कंबर धरली. खरोखरची धरली. ते ओरडले तेव्हा दादाजी अभिमानानं सगळ्यांना म्हणाले, "पाहा, असा दुखणेकरी मानूस पोरासाठी एकोडीवरून आला!"

अमरचा फोन आला. "बाबा, पहाड कसा हाय?"

"चांगला हाय. तुझं लग्न जुळलं."

अमरनं आधी फोन बरोबर लागलाय का ते पाहिलं. (पुढचं तृप्तीनंच सांभाळलं. पचमढीवरून तिनं अमरला फोन करून खरी हकीकत सांगितली आणि विचारलं, पिकअप चालवणारी बायको चालते का. तो म्हणाला, आधी भेटू. नंतर ते नागपूरला भेटले, मग पुन्हा भेटले, आणि आता साखरपुड्याची तारीख निघाली आहे.)

त्याच संध्याकाळी भोजराज कमरेखाली गरम विटा घेऊन पालथे पडले असताना मोबाइलवर फोटो आला. निळ्या रांगा, एकामागे एक. बाजूला तृप्ती, आणि कठड्याला टेकलेली तुळसा. वाकलेली नव्हती. ताठ उभी होती आणि खाली पाहत होती, आणि तिच्या तोंडावर असं काही होतं की भोजराज कितीतरी वेळ फोटोकडे पाहत राहिले. त्यांना इतका आनंद झाला, की डोळ्यांत पाणी आलं. आपण तिथे नव्हतो याचं वाईट थोडं उशिरा वाटलं, पण वाटलं.

आता स्वयंपाकघरात कॅलेंडरच्या खिळ्याला तो फोटो टांगलाय, मोठा करून, काच लावून. परवा दादाजींच्या घरून शकुनबाई विरजण मागायला आल्या आणि फोटोसमोर थबकल्या.

"काय झकास आला व! पन भोजराजभाऊ कुठी दिसत नाही यात?"

"थे?" तुळसाबाई फोडणी हलवत म्हणाल्या. "थे तवा बपेऱ्याले पोरगी पाहून राहिले होते."

"असं होय. अन् ही तुझ्या बाजूची कोन?"

"हेच थे पोरगी."