चांगोच्या शेतातलं गवत

ट्रॅक्टरच्या मागे गवत कापायचं यंत्र जोडून घ्यायचं, एवढंच रूपेशने ठरवलं होतं. त्यात चुकीचं काही नव्हतं. कर्नाळ्याच्या बाजूला मुंबईकरांनी प्लॉट घेऊन ठेवलेत, पाऊस गेला की त्यांत माणूस हरवेल इतकं गवत माजतं, आणि मुंबईकर सापाला जाम घाबरतो. धंदा असा समोर उभा होता.

त्याच्या बायकोने, दमयंतीने, अट घातली. दिवाळीपर्यंत एक तरी काम पुऱ्या भावात झालं पाहिजे, नाहीतर यंत्र परत दुकानात आणि रूपेश मेहुण्याच्या स्कूलबसवर. (मेहुणा शिट्टी वाजवून गाडी मागे घ्यायला लावतो. रूपेशला त्याचं स्वप्नसुद्धा नको वाटायचं.) भावही तिनेच बांधून दिला: एकराला इतके, दगड असतील तर वेगळे, काटेरी झुडपं असतील तर आणखी वेगळे. रूपेशने तो पाठ केला आणि घरी न अडखळता म्हणूनही दाखवला.

पण गिऱ्हाईकाने चहा पुढे केला की सगळं विसरायला व्हायचं. पहिल्या घोटाला भाव निम्मा, बिस्किट आलं की डिझेलपुरता. गावातला असेल तर प्रश्नच मिटला, कारण गावात रूपेशचा कोणीच लागत नाही असा माणूसच नव्हता. चांगोमामाने तर वाडीतलं गवत फुकटात काढून घेतलं आणि वर तुळशीवर धूर गेला म्हणून कुरकुर केली.

दिवाळी तोंडावर आली तेव्हा मुलुंडच्या हितेशभाईंचा फोन आला. प्लॉट त्यांनी चांगोमामाकडूनच घेतला होता. भाव व्यवस्थित ठरला, कारण फोन दमयंतीने उचलला होता. हितेशभाईंनी मोबाइलवर लोकेशन पाठवलं, ते रूपेशने उघडलंही नाही. जन्म गेला या मातीत, आणि हा मुलुंडवाला मला चांगोमामाचं शेत दाखवणार? ओढ्याकडेच्या बांबूच्या बेटाला लागून चांगोचं शेत, हे पाळण्यातलं पोरही सांगेल.

रविवारी सकाळीच तो भिडला. दगड चुकवले, गवतात बुडालेला मधला आंबा मोकळा केला, बांधाच्या कडा साफ केल्या. दुपारी दमयंती डबा घेऊन आली तेव्हा त्याला स्वतःचंच इतकं कौतुक वाटत होतं की भूकसुद्धा लागली नव्हती. तेवढ्यात हितेशभाईंचा फोन आला.

"रूपेशभाई, कुठे आहात? मी प्लॉटवर आहे."

"मी पन प्लॉटवरच हाय."

"इथे तर गवत माझ्या छातीपर्यंत आहे."

"शेठ, इथं मुंगी पन लपनार नाय."

दमयंतीने डबा खाली ठेवला. "अवो, ही जागा चांगोमामानी आपल्या लग्नाआधीच इकली. हितेशशेठला दिली ती टेकडीखालची."

खरं होतं. गावात जमीन कितीही वेळा विकली तरी नाव जुन्या मालकाचंच राहतं, आणि त्या नावावर विसंबून रूपेशने परक्याचं रान भादरलं होतं. यंत्र दुकानात परत जाताना त्याला डोळ्यांसमोर दिसलं. मेहुण्याची शिट्टीही ऐकू आली.

त्यातच रस्त्यावर रिक्षा थांबली. नवीन पनवेलच्या चंद्रावतीबाई, निवृत्त शिक्षिका, या जागेच्या खऱ्या मालकीण. जागा विकायची म्हणून फोटो काढायला आल्या होत्या. रूपेश कान पकडायच्या तयारीत उभा राहिला, पण बाई सरळ मधल्या आंब्यापाशी गेल्या. ते झाड त्यांच्या नवऱ्याने लावलेलं. नवरा गेला, झाडही गवतात मेलं असेल असं धरून त्यांनी इकडे येणंच सोडलं होतं. बुंध्यावर हात ठेवून त्या थोडा वेळ रडल्या. मग डोळे पुसून म्हणाल्या की आता विकत नाही, आणि कापणीचे किती झाले?

"काय नको बाई," रूपेशला गहिवरून आलं होतं, "दरवर्साला मी असाच येऊन..."

"या खेपेचं नको," दमयंती मध्येच म्हणाली. "चूक आमची हाय. पुढच्या खेपेपासून एकराचा भाव, दगडाचे वेगळे."

बाई हसून हो म्हणाल्या. संध्याकाळपर्यंत हितेशभाईंचा प्लॉटही झाला, तोही पुऱ्या भावात, कारण त्यांनी चहाचा थर्मास उघडताच दमयंतीने रूपेशला डिझेल बघायला पिटाळलं. यंत्र राहिलं.

दिवाळीच्या पाडव्याला ट्रॅक्टर रंगवून आला. पुढे 'आई एकवीरा प्रसन्न', रूपेशने सांगितलं होतं तसं. मागे लाल अक्षरांत, दमयंतीने सांगितलं होतं तसं: 'भावाबाबत ड्रायव्हरशी बोलू नये.'

सगळ्यात आधी ते चांगोमामाने वाचलं. चष्मा पुसून पुन्हा वाचलं.

"रूपेश, वाडीत गवत परत वाढलंय रं. मालक घरी हाय का?"

"हाय ना," रूपेश खाली उतरत म्हणाला. "बसा मामा, बोलावतो तिला."