पुसू न देणारे पोतदार साहेब

आमच्या हापिसाचे मॅनेजर पोतदार साहेब. त्यांना चहा विचारायचा झाला तरी मोबाईलवर लिहून विचारावा लागायचा. तोंडानं विचारलं की मान वर न करता म्हणायचे, “मेसेज टाका.” मी गेटवरचा वॉचमन, चौथी शिकलेला. माझा मेसेज लिहून होईस्तवर चहाचं थंडगार पाणी व्हायचं.

आमच्या फौंड्रीवर पुण्याच्या एका गिऱ्हाइकानं दावा ठोकला. माल तडकलेला निघाला आणि ते तुम्हाला आधीच ठाऊक होतं, असं त्याचं म्हणणं. वकील बोलला, सगळ्यांचे ईमेल, मोबाईलवरचे निरोप जपा, कोर्ट मागंल. झालं! साहेबांच्या अंगात आलं. दारादारावर कागद चिकटवले, ‘काहीही पुसायचं नाही.’ मुतारीतबी एक.

डिस्पॅचच्या बाबूनं ग्रुपवर मालकाला शिव्या लिहिल्या होत्या. बिचारा गयावया करायला लागला, “साहेब, तेवढं एक पुसतो की!”

“नाही. शिवी असली तरी मालाबद्दल आहे. राहू दे.”

“नोकरी जाईल माझी!”

“मग लिहिताना हात आखडायचा.”

असला कोरडा माणूस. ना बायको, ना पोर. मला तर बघवायचा नाही.

मग माझी पाळी आली. गेटवरचा मोबाईल कंपनीचा, गाड्यांचे फोटो त्यातनंच जायचे. पण त्यातच माझ्या मालकिणीचं, म्हंजी बायकोचं, बोलणं होतं. तिला लिहाय येत नव्हतं, बोलून पाठवायची. गेल्या वैशाखात ती गेली. आजारात कुत्रं फिरकलं नाही, आणि आता तिचं बोलणं ऐकाय कोर्ट बसणार!

“मोबाईल देत न्हाई,” म्हटलं. “काढून टाका मला.”

साहेब माझ्या खोलीत येऊन बसले. म्हणाले, “मामा, कामाचं कुठलं, घरचं कुठलं, एवढंच बघतो.” आणि एकेक निरोप लावत गेले. तिचा आवाज आला,

“अवो, येताना मेथी आणा. आन किती उशीर ओ? जेवायची थांबलोय न्हवं मी!”

साहेबांनी तिचं सगळं बोलणं बाजूला काढलं. “हे केसचं नाही. पुसायचं नाही, पण कुणाला द्यायचंही नाही.”

मी म्हटलं, “झालं न्हवं? उठा की मग.”

उठले नाहीत. “ते मेथीचं परत लावता?”

लावलं.

“रोज थांबायच्या?”

“रोज. शिव्या घालत थांबायची.”

“नशीबवान आहात.”

कसलं डोंबलाचं नशीब, असं तोंडावर आलं होतं. पण त्यांच्याकडं बघितलं आणि गिळलं. ते भिंतीकडं तोंड करून बसले होते.

मी न विचारता परत लावलं.