आठ बल्बांची टेस्ट

भर एप्रिलात, टळटळीत दुपारी, खिडक्या घट्ट लावून, पंखा बंद करून, अंगात नुसता बनियन आणि डोक्यावर ओला पंचा अशा थाटात जो माणूस ट्रकच्या हेडलाइटचे आठ बल्ब पेटवून त्यांच्यासमोर बसतो, त्याला तुम्ही काय म्हणाल? आम्ही पनवेलमध्ये त्याला हरीभाऊ म्हणायचो.

हरिश्चंद्र घरत आमच्या डोक्यावर, दुसऱ्या मजल्यावर राहायचे. मूळचे गव्हाणचे, मिठागरवाल्यांच्या घरातले. बंदरातल्या वर्कशॉपमध्ये वायरमन होते. तिथून लवकर निवृत्ती घेतली आणि कॉम्प्युटरच्या सुट्या भागांची परीक्षा घेत बसले. मी पेशाने मास्तरीण. मी पोरं तपासायची, ते डबे तपासायचे. फरक एवढाच, की माझ्याकडे ग्रेस मार्क होते.

कॉम्प्युटर तेव्हा घराघरात नुकता येत होता. त्यावर क्रोशाचा रुमाल घालायची पद्धत होती आणि चप्पल काढल्याशिवाय त्याच्या खोलीत कुणी जात नसे. इंटरनेटवर सुट्या भागांची परीक्षणं लिहिणाऱ्यांचा एक अड्डा होता, तिथे हरीभाऊ एका बोटाने टाइप करून आपले निकाल टाकत. लुधियानाहून नि नागपुराहून पोरं त्यांना ‘सर’ म्हणून प्रश्न विचारत. परदेशातल्या परीक्षणांवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. म्हणत, ते एसीत बसून टेस्ट करतात, पनवेलमध्ये कोनाच्या घरी एसी हाय? म्हणून हा भट्टीचा कार्यक्रम. टेस्ट चालू असताना खाली पाण्याचा पंप लागला की व्होल्टेज पडायचं, आणि हरीभाऊ गॅलरीत येऊन अख्ख्या बिल्डिंगचा उद्धार करायचे. सेक्रेटरींनी जिन्यात पंपाच्या वेळा लावल्या, तर ह्यांनी त्याच्याखाली आपल्या टेस्टच्या वेळा लावल्या. वर तळटीप : ‘अडचण असल्यास भेटावे.’ कुणाची टाप होती भेटायची!

त्यांचा खास राग एसएमपीएसवर. एसएमपीएस म्हणजे कॉम्प्युटरच्या पोटातला वीज वाटणारा पत्र्याचा डबा. त्याच्यावर ताकद छापलेली असते, आणि बऱ्याचदा ती निव्वळ थाप असते. “कागदावर सगलेच पैलवान,” हरीभाऊ म्हणायचे आणि डब्याला एकेक बल्ब जोडत जायचे. आठ बल्ब सहा तास पेटले तर पास. बहुतेक डबे पाचव्या बल्बाला मान टाकत. मग हरीभाऊंच्या चेहऱ्यावर असं समाधान, जसं मला कॉपी पकडल्यावर व्हायचं.

ह्या बल्बांनीच त्यांचं घर मोडलं. त्यांचा धाकटा भाऊ मोरेश्वर, त्याचं एसटी स्टँडजवळ कॉम्प्युटरचं दुकान. आईवडील लवकर गेले, मोरूला हरीभाऊंनी वाढवलं. त्यापायी स्वतःचं लग्न राहिलं ते राहिलंच. पहिला कॉम्प्युटर उघडून त्याला दाखवला तोही त्यांनीच. आणि एक दिवस ह्या गृहस्थाने मोरूच्याच दुकानातला डबा चार बल्बांवर नापास केला आणि दुकानाच्या नावासकट इंटरनेटवर टाकून दिला. मोरू वर येऊन म्हणाला, सख्ख्या भावाच्या पोटावर पाय दिलास. हे म्हणाले, उद्या कोनाच्या घरात आग लागली तर? झालं. बोलणं बंद. गव्हाणच्या गणपतीला एक सकाळी जायचा, दुसरा संध्याकाळी.

पण गंमत बघा. मोरू तेव्हापासून नवा माल आला की त्यातला पहिला डबा माझ्या पिशवीत घालायचा. माझी शाळा त्याच बाजूला. “बाई, माझं नाव नका सांगू.” वर मेथीची जुडी, खाली एसएमपीएस, अशी मी जिना चढायची. हरीभाऊ विचारायचे, कोनाचा? मी म्हणायची, मैत्रिणीच्या भावाचा. तेही ‘बरं’ म्हणायचे. दुसऱ्या दिवशी निकालाची चिठ्ठी तयार. ते नापास म्हणाले की मोरू मुकाट्याने सगळा माल परत पाठवायचा. अशी चार वर्षं गेली.

मग एका एप्रिलात एक डबा अडकला. पहिले दोन दिवस भारनियमनात गेले. मोरू रोज शाळेच्या वाटेवर मला गाठून विचारायला लागला. तिसऱ्या दिवशी मी वैतागून बोलून गेले, हरीभाऊ, तो मोरेश्वर माझा जीव खातोय, झाली का टेस्ट? नाव ऐकून ते जरासुद्धा दचकले नाहीत. एवढंच म्हणाले, आनखी काय बोलला?

त्यानंतर मी रोज ‘मोरू विचारतोय’ म्हणून सांगायची, आणि रोज एकच उत्तर : टेस्ट चालू हाय. आठ दिवस झाले. मोरूचं गिऱ्हाईक खोळंबलेलं, माझे पेपर तपासायचे राहिलेले. नवव्या दिवशी मी तणतणत वर गेले. बल्ब विझलेले, पंखा गरगरत होता, आणि वही उघडी होती. उलटी वही वाचायची आम्हा मास्तरणींना सवय असते. तिसऱ्या दिवसाच्या तारखेपुढे लिहिलं होतं : आठ बल्ब, सहा तास, पास.

मला असा राग आला! म्हटलं, मला कशाला हेलपाटे घालायला लावलेत?

हरीभाऊंनी वही मिटली.

“तुमी रोज येऊन सांगता ना बाई, मोरू विचारत व्हता म्हनून,” ते म्हणाले. “डबा परत दिला, की त्याचा विचारनं बंद.”

इतकं वाईट वाटलं की धड ‘येते’ही न म्हणता खाली आले.

दुसऱ्या दिवशी शाळेतून सुटल्यावर मी दुकानात जाऊन धडधडीत खोटं बोलले. म्हटलं, दादा म्हणतात, ज्याला विकायचंय त्यानं स्वतः समोर बसून टेस्ट बघावी, नाहीतर डबा मिळणार नाही. मोरूने शटर ओढलं, भर दुपारी.

मी त्याच्या मागोमाग जिना चढले. हरीभाऊंनी दार उघडलं, भावाला पाहिलं, आणि मागे माझ्याकडे. माझं खोटं त्यांच्या तत्काळ लक्षात आलं असणार. ते आत गेले, खिडक्या लावल्या, पंखा घालवला आणि बल्ब जोडायला बसले.

“पहिल्यापासनं करावी लागंल,” ते मान वर न करता म्हणाले. “सहा तास जातील.”

मोरू तिथेच जमिनीवर मांडी घालून बसला.

“कर दादा. मना घाई नाय.”

दुकान त्या दिवशी पुन्हा उघडलंच नाही.